मेइजी काळातील समारंभचित्रांविषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जपानच्या पहिल्या राज्यघटनेवरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख माहितीपूर्ण होता. मात्र सोबतच्या रंगीत काष्ठमुद्रेखाली (लाकडी ठशांनी छापलेल्या चित्राखाली) ‘राज्यघटना प्रदान करताना सम्राट मेइजी’ एवढीच ओळ असल्यामुळे, चित्रकाराने तो प्रसंग डोळ्यांनी पाहून रेखाटला असा वाचकाचा समज होतो.

११ फेब्रुवारी १८८९ रोजी टोकियोच्या नव्या राजवाड्यात सम्राटांनी घटनेची संहिता पंतप्रधान कुरोदा कियोताका यांच्या हाती दिली. अशा दरबारात काष्ठमुद्राकारांना सहसा प्रवेश नसे. अदाची गिन्को, तोयोहारा चिकानोबू आदींनी हा सोहळा तीन जोडकागदांवर, सुमारे पाऊण मीटर रुंदीत उभा केला तो बराचसा कल्पनेने. रंगागणिक वेगळा ठसा कोरून केलेल्या या छपाईत आयात रासायनिक रंगांचा भडक लाल आणि जांभळा डोळ्यांत भरतो. सम्राट लष्करी गणवेशात, तर सम्राज्ञी पाश्चात्त्य झग्यात दिसतात. कलासमीक्षक या रंगांना नाके मुरडतात, पण १८६८ पर्यंत सत्तेवर असलेल्या तोकुगावा या लष्करी घराण्याच्या राजवटीत चालू राजकारण चित्रित करण्यास बंदी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे अवघ्या दोन दशकांत बाजारात विकल्या जाणाऱ्या कागदावर साक्षात सम्राट अवतरणे ही केवढी उलथापालथ होती ते उमगते. चिकानोबू तर पूर्वाश्रमीचा तोकुगावांचा सैनिक. उत्तर जपानमधील हाकोदाते येथे तो सम्राटांच्या ज्या शाही फौजेविरुद्ध लढला, तिच्या सेनानींपैकी एक म्हणजे हेच कुरोदा!

या चित्रांतून काय गळले, हेही पाहण्याजोगे आहे. त्याच सकाळी शिक्षणमंत्री मोरी आरिनोरी यांच्यावर सुरीहल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते मरण पावले. टोकियोत कमानी उभारून रोषणाईची तयारी चालली असताना, घटनेत काय लिहिले आहे हे मात्र कोणालाच ठाऊक नाही, अशी नोंद तेथील जर्मन डॉक्टर बेल्त्स यांनी रोजनिशीत केली होती. चित्रांतील दरबार मात्र शिस्तबद्ध आणि निर्वेध आहे. सरकारला जगासमोर जसे दिसायचे होते आणि प्रकाशकांना जे खपेल असे वाटत होते, त्याचा अस्सल पुरावा म्हणून ती अमोल आहेत. दरबारात कोण कुठे उभे होते, हे त्यांवरून ठरवू नये.

तेव्हा यापुढे अशा चित्रांखाली चित्रकाराचे नाव, वर्ष आणि ‘कल्पनाचित्र’ हा शब्द छापावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे