जिन्याखालच्या पेट्या आणि पडद्यामागचा भोंगा

लालबाग, मुंबई
गटारीचा दुसरा दिवस

प्रिय दिन्या,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू "हां, हां" करत टीव्ही बघत असतोस, आणि हे प्रकरण "हां, हां"वर भागणारं नाही. माझी साखर आटोक्यात आहे, गुडघे नाहीत. हिचं ठीक. झालं, प्रकृतीचा विषय संपला.

आपलं थिएटर पाडतायत. ऑपरेटरमामांचा मुलगा अजून तिथेच आहे, म्हणजे आता कुलपं सांभाळायला. त्याचा फोन आला, "काका, पडद्यामागचं सगळं भंगारात चाललंय. घ्यायचं असेल तर बघून जा." आणि नेमकं त्याच सुमारास चाळीत नोटीस लागली की जिन्याखालची खोली दिवाळीच्या आत रिकामी करा, पुढे टॉवर होणार. म्हणजे विसर्जनाला वाजवायच्या आपल्या बेस स्पीकरच्या चार पेट्या रस्त्यावर. तुझ्या भावाने भंगारवाल्याला आणून मॅग्नेट किलोने कसे जातात ते विचारूनसुद्धा ठेवलंय. मी त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावला. अर्ध्या पेट्या तुझ्या आहेत, तू हो म्हटल्याशिवाय स्क्रूसुद्धा निघणार नाही.

तर मी गेलो पडद्यामागे. आपण जन्मभर पडद्याच्या पुढे बसून भांडलो. मी म्हणायचो, ह्या आवाजात दम नाही. तू म्हणायचास, दम म्हणजे आवाज नव्हे. मागे कधी कुणी सोडलंच नाही आपल्याला. जवळून बघितलास तर पडदा म्हणजे बारीक भोकांची चाळण आहे रे, टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, आणि प्रत्येक भोकाच्या काठाला काळ्या धुळीची कड. आवाज त्यातूनच बाहेर यायचा. मागे लाकडी फळीवर स्पीकरचे तीन सेट, डावा, मधला, उजवा. मधल्याची बेसची पेटी माझ्या छातीपर्यंत येते, त्यात पंधरा इंची दोन स्पीकर. वर तोंड फाकलेला मोठा भोंगा, आणि त्याच्या मानेला मागून ड्रायव्हर युनिट, म्हणजे भोंग्यात आवाज सोडणारं यंत्र. एका हाताने उचलायला गेलो, तर मामांचा मुलगा हसला.

जात तीच जुनी. १९४५ साली अल्टेक लान्सिंग कंपनीने सिनेमासाठी 'व्हॉइस ऑफ द थिएटर' स्पीकर काढले, त्याच घराण्यातलं हे नातवंड. त्या काळी वॉट महाग होते. म्हणून एका वॉटला एका मीटरवर शंभराच्या वर डेसिबल देणारे भोंगे लावायचे आणि लहानशा अॅम्प्लिफायरवर अख्खं थिएटर भरायचं. आपण मात्र आयुष्यभर वॉट वाढवत बसलो. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, हे मला पाठ होतं, तरी लॅमिंग्टन रोडला गेलो की हात थांबायचा नाही.

आता खरी गंमत ऐक. मी आपली एक पेटी आणि तिच्यावरचा बारा इंची जोडीचा टॉप, म्हणजे बेसच्या वरचे सूर वाजवणारा खोका, टेम्पोत घालून तिथे नेला. का विचारू नकोस, तूही नेला असतास. स्टेजवर पडद्याच्या पुढे आपला माल ठेवला, मागे त्यांचा मधला सेट, आणि एकाच अॅम्प्लिफायरवर आलटून पालटून लावलं. आधी ढोलकी. पहिल्या दहा रांगांत आपल्या पेटीने त्यांना धुऊन काढलं. शपथेवर सांगतो. थाप छातीत बसते आणि खुर्ची कळवळते. मामांचा मुलगा म्हणाला, "काका, हे तर विसर्जनाचंच!" मी गप्प राहिलो, पण मिशीत हसलो.

मग बोलणं लावलं. नाटकातलं साधं संभाषण, बाई आणि बुवा, संगीत नाही. आणि मी चालत मागे गेलो, बाल्कनीच्या शेवटच्या रांगेपर्यंत. आपल्या टॉपमधून मधल्या रांगांतच बाई अडखळायला लागली. एका खुर्चीत तिचा "स" आहे, शेजारच्या खुर्चीत गायब. कारण तुलाही माहीत आहे, कबूल कधी केलं नव्हतं आपण. शेजारी शेजारी दोन बारा इंची एकाच वेळी ३००० हर्ट्झ वाजवायला लागले की तिथे आवाजाची लाट असते जेमतेम साडेअकरा सेंटिमीटरची, आणि दोघांच्या मध्यांत अंतर फूटभराचं. दोन्ही लाटा एकमेकींना कुठे वाढवतात, कुठे खातात. भोंग्याचं तसं नाही. एकच तोंड, आणि आवाज जायचा तिथेच जातो, छताला आणि बाजूच्या भिंतींना फार कमी. शेवटच्या रांगेत ती बाई माझ्या कानाशी बोलत होती. आवाज मोठा नव्हता, पण एक अक्षर सांडलं नाही.

आणि त्यांचा सगळा हिशेबच वेगळा. सिनेमात पडद्यामागचा एकेक चॅनेल खुर्चीपाशी ८५ डेसिबलला जुळवतात, आणि वर २० डेसिबल रिकामे ठेवतात. क्वचित एखादा स्फोट १०५ला गेला तर गेला, बाकी वेळ ते यंत्र आरामात. आपलं काय असायचं? चतुर्दशीच्या दिवशी दुपारी बारापासून 'आता पुरे' सांगणारा यंत्राचा लाल दिवा पेटलेला तो पेटलेलाच. स्पीकरची कॉईल जळल्याचा तो वास आठवतो? मला अजून भूक मारायला तेवढा पुरतो.

मंडळाच्या पोरांना हे सांगायला गेलो तर म्हणाली, काका, थिएटरवाले आवाज मऊ ठेवतात, आम्हाला कडक पाहिजे. त्यांचं अगदीच चूक नाही. थिएटरात २००० हर्ट्झच्या वर दर सप्तकाला ३ डेसिबल उतरता आवाज ठेवायची रीतच आहे. वर पुन्हा पडदा थोडंफार गाळतो. मग तो भोंगा बाहेर उघड्यावर आणून थिएटरचंच सेटिंग ठेवलं तर कसं चालेल? पडदा गेला, खोली बदलली, सगळं नव्याने जुळवायला लागणार. ह्या भोंग्याला तर वरचा भाग इक्वलायझरने उचलून द्यावाच लागतो, नाहीतर सर्दी झालेल्या माणसासारखा बोलतो.

आपल्या भजनीबुवांची आठवण झाली बघ. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून तू ते फाटकं अमेरिकन मासिक आणलं होतंस. त्यात १९७४ची ग्रेटफुल डेड ह्या अमेरिकन रॉक बँडची 'वॉल ऑफ साउंड', स्पीकरची भिंत, तीही त्यांच्या स्वतःच्या माणसांनी बांधलेली आणि चक्क गाणाऱ्यांच्या पाठीमागे उभी. भिंतीचा आवाज माइकात शिरून शिट्टी वाजू नये म्हणून दोन माइक उलटसुलट जोडलेले, गायचं फक्त वरच्यात. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखाच शिरतो आणि कटतो. पटलं आपल्याला. केलं आपण. आणि बुवा भजनाच्या रंगात येऊन दोन्ही माइकच्या बरोबर मधे तोंड घालून गायला लागले, नि त्यांचाच आवाज कटला! मंडपात फक्त टाळ. बुवा शिरा ताणतायत, लोक म्हणतायत बुवांना काय झालं. तू टेबलाखाली बसून हसत होतास आणि शिव्या मी खाल्ल्या. ते बिल अजून बाकी आहे.

आणि भांडुपच्या हळदीचंही. हो, तेही काढणारच. चारातली एक पेटी तू परस्पर भाड्याने दिलीस आणि म्हणालास, "तीन आहेत की!" अरे, अशा पेट्यांत चारातली एक काढली की पाव आवाज जात नाही, बुडच जातं. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटरची. एका पेटीचं तोंड तिला पुरत नाही, चार तोंडं एकत्र आली की मिळून एक मोठं तोंड होतं. त्या रात्री ढोल पत्र्याचा वाटत होता, आणि अध्यक्षांनी माझ्याकडे जे बघितलं ते अजून दिसतं. पाचशे रुपयांसाठी, दिन्या!

असो. मूळ मुद्दा. मंडळाचं सभागृह होतंय, दीडेकशे खुर्च्या, भजन, एकांकिका, कधी सिनेमा. आवाजाचं माझ्याकडे दिलंय. पोरं म्हणतात लाइन अॅरे भाड्याने आणू, ती एकाखाली एक टांगलेली स्पीकरची माळ. दीडशे खुर्च्यांना लाइन अॅरे! स्टेजच्या बाजूला जागा एकाच गोष्टीला आहे, आपल्या दोन पेट्या तरी, नाहीतर त्यांचा एक पूर्ण सेट.

माझ्या डोक्यात आधी आलं ते तुझ्याही येईल. खाली आपला बेस, वर त्यांचा भोंगा. रात्रभर कागदावर मांडत बसलो. जमत नाही. आपल्या पेटीत आवाज दोन घड्या घालून दोनेक मीटर चालून बाहेर येतो, म्हणजे भोंग्याच्या मागे जवळजवळ ६ मिलिसेकंद. ते एक वेळ जमेल, हल्ली स्वस्त प्रोसेसर भोंग्याला तेवढा उशीर लावून देतो. आपल्या वेळी हे असतं तर! पण भोंगा ५०० हर्ट्झच्या खाली उतरत नाही आणि आपली पेटी २५०च्या वर गेली की घड्यांमध्येच गुदमरते. मधलं २५० ते ५०० कोण वाजवणार? बुवांच्या आवाजाचा मांसल भाग नेमका तिथे. तिसरी पेटी मधे घातली तर जागा नाही, आणि जागा काढली तर कमिटीचा फोटोंचा बोर्ड काढावा लागेल. तो ब्रह्मदेवालाही निघणार नाही. झोप लागत नाही म्हणून ही सांगते डॉक्टरला दाखवा. डॉक्टरला काय सांगू, २५० ते ५०० दुखतंय?

तेव्हा माझं मत असं. सभागृहात थिएटरचा मधला सेट. भिंतींच्या आत, बोलण्यासाठी, आपल्या पेट्या कधीच नव्हत्या. त्या उघड्यावरच्या, गर्दीच्या. पण त्या फोडायला मी देणार नाही. अठरा मिलीचं प्लाय आहे, रे रोडच्या वखारीतून एकेक पत्रा टकटक करून निवडलेलं. कोपऱ्यातून ओघळलेला फेव्हिकॉल अजून तसाच, त्यात तुझ्या अंगठ्याचा ठसा.

तुझ्याकडे पाठवू? कुडाळला अंगण आहे, जत्रा आहे, दशावतार आहे. संकासुर आल्यावर त्या पेट्यांनी काय केलं असतं विचार कर. रात्री १०नंतर स्पीकर बंदचा नियम आहे, २००० सालापासूनचा, तो तुझ्या सरपंचाला विचार, मला नको. टेम्पोचं भाडं अर्धं मी देतो. भांडुपचे पाचशे त्यातून वळते.

तुझं मोतीबिंदूचं झालं म्हणे, बरं झालं. नातीचे पेढे पोचले, नाव काय ठेवलं ते कुणी सांगितलंच नाही. वहिनींना नमस्कार.

मामांचा मुलगा गणपतीपर्यंत थांबतो म्हणालाय, त्याच्यापुढे मालक थांबणार नाही. तेव्हा लगेच कळव, आणि पडवीचं दार मोजून कळव, चौकटीच्या आतून, इंचात. पेटी तीस इंच रुंद आहे, हँडल धरून बत्तीस.

तुझा,
बाळ्या