आई, ते चार तास तुझेही आहेत

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा शेजारीच असतात, मग आई ‘सगळं ठीक आहे’ एवढंच म्हणते. म्हणून पत्र. बाबा, आधी तुम्ही वाचा.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास, ठरलेली रिक्षा, हे सगळं आता मार्गी लागलंय. तुमचं वजन, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आईला तोंडपाठ आहे. तिचं स्वतःचं बीपी शेवटचं कधी मोजलं, हे मात्र तुमच्यापैकी कुणालाच सांगता येणार नाही. आजच मोजा आणि मला कळवा. पोटॅशियम वाढू नये म्हणून बटाटे चिरून भिजवायचे, उकळून पाणी फेकून द्यायचं, केळी आणि नारळपाणी घरात येऊ द्यायचं नाही, दिवसाचं पाणी तांब्यात मोजून ठेवायचं. तुम्हाला तहान लागते, तुम्ही चिडता. पाणी वाढलं तर फुप्फुसात साठेल या धास्तीने तीही चिडते. चूक कुणाचीच नाही, पण त्या रात्री दोघंही धड जेवत नाही.

आई, आता तुझ्याशी. माइंडफुलनेसचं, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याचं, एक प्रशिक्षण असतं. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात, जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी ते सुरू केलं. आठ आठवड्यांचं असतं. आता रुग्णाचं करणाऱ्या घरच्यांनाही शिकवतात, डायलिसिसवाल्यांच्या घरच्यांनासुद्धा. तू म्हणशील, मी देवाचं करतेच की. करच. हे त्याच्या आड येत नाही. श्वास आत-बाहेर होताना बघायचा, पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं, मन भरकटलं की त्याला रागावून परत आणायचं नाही, नुसतं आणायचं.

आणि तुला हे येतं, आई. रोज रात्री तू बाबांच्या हातावर, फिश्च्युलावर, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीवर, दोन बोटं ठेवतेस. आतली थरथर लागतेय ना, ते बघतेस. मी दारातून पाहिलंय. तेवढा वेळ बिलं नाहीत, उद्याचा डबा नाही, तुझे खांदेसुद्धा खाली आलेले असतात. तेच लक्ष रोज थोडा वेळ स्वतःच्या श्वासाला द्यायचं.

आपल्या बडोद्याला हे काही परकं नाही. दांडिया बाजारातल्या, योगी अरविंद घोषांच्या अरविंद निवासावरून आपण कितीदा गेलोय. काँग्रेसच्या सुरत अधिवेशनानंतर, जानेवारी १९०८ मध्ये, विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याने इथेच बडोद्यात अरविंदबाबूंना ध्यानाला बसवलं आणि सांगितलं, विचार करू नका, विचार बाहेरून येताना दिसतील, ते आत येऊ देऊ नका. तीन दिवसांत मन शांत झालं, असं अरविंदांनी स्वतः लिहून ठेवलंय. तुझं तसं होईल असं मी म्हणत नाही. माइंडफुलनेसमध्ये तर विचार हाकलायचेही नसतात, येऊ द्यायचे, जाऊ द्यायचे.

याने काम कमी होणार नाही. मशीनवर बाबांचं बीपी उतरलं, पायात गोळे आले, तर धावपळ होणारच. पण घरी आल्यावर तीच धावपळ रात्रभर डोक्यात चालू राहते ना, ती हळूहळू सैल पडते. पाण्यावरून आवाज चढायच्या आधी आपला जबडा आवळलाय हे कळतं, आणि तेवढ्यात एक श्वास घेता येतो. मात्र झोप उडाली किंवा सारखं रडू येत राहिलं, तर डॉक्टरांकडेच जायचं. तेव्हा नुसत्या श्वासावर भागवायचं नाही.

बाबा, मशीनवर असताना नर्स आणि टेक्निशियन तुमच्याजवळ असतात. त्या चार तासांत आईला बाहेरच्या बाकावर ताटकळत ठेवू नका, कमाटी बागेत जाऊ द्या. फोन तिच्याजवळ असेलच. आठवड्यातली मधली पाळी दादा घेणार आहे, त्याच्याशी माझं पक्कं बोलणं झालंय.

एक बाई संध्याकाळी मराठीतून हा वर्ग ऑनलाइन घेतात. आई, तुझे पैसे मी भरलेत. दादा रविवारी येऊन टॅबलेट लावून देईल, तेव्हा ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणू नकोस.

तुमची,
मनू