तुतारी एक्सप्रेसने गेलेल्या मुलास

कळवा,
शुक्रवार सकाळ

चि. बाबू यास अनेक आशीर्वाद.

काल ठाण्याला गाडी हलली तेव्हा तू दारातून हात करत होतास आणि मी तुझ्या गळ्याकडे बघत होतो. मफलर नव्हता. घरी आलो तर खुर्चीवर तसाच पडलेला. आई म्हणते, आत्येच्या हाती धाडूया.

घशाबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

महापेची नोकरी सोडलीस, त्यावर बोलून झालंय. तुझा निर्णय मी मानला. पण दशावतारी नाटक मंडळीतलं काम म्हणजे आपल्या सभागृहातला अडीच तासांचा प्रयोग नव्हे. आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग, सुरू व्हायलाच रात्र चढते, मग आख्यान, आणि पहाटे दहीकाला. हंगामात आज या गावची जत्रा, उद्या त्या. पाठ करायला कागद नाही. संध्याकाळी मंडळीचा नाईक आख्यान सांगणार, तोंड रंगवता रंगवता तुम्ही आपापसात ठरवणार आणि बाकड्यासमोर उभं राहून बोलणार. म्हणून सांगतो, थंड पाणी पिऊ नकोस, रात्री ताक नको, टेम्पोत खिडकीशी बसू नकोस, दिवसा उगाच बडबड नको. नाटकात ओरडायचं नसतं, शब्द पोटातून...

माफ कर. तू सव्वीस वर्षांचा आहेस.

आजोबांची राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका, तू पाहिली नाहीस. मी पाहिली, देवळासमोर गोणपाटावर झोपून. मध्येच जाग यायची ती त्यांच्या आवाजानेच. माइक नव्हते, तरी माडाखाली उभ्या असलेल्या शेवटच्या माणसाला शब्द न् शब्द कळायचा. पहाटे खोबरेल लावून रंग पुसायचे आणि काल्यातला घास मला भरवायचे. त्यांच्या बोटांना हिंगुळाचा लाल रंग तसाच असायचा.

इथे कळव्याच्या खोलीत शेवटची चार वर्षं ते वाटीवर चमचा वाजवून हाक मारायचे. तू पाळण्यात होतास. तुला नावाने एकदाही बोलावता आलं नाही त्यांना.

म्हणून लिहितो रे, बाकी काही नाही.

मे महिन्यात नारद करणारा आला नाही आणि तू वीणा घेऊन उभा राहिलास, तेव्हा मी मागे भिंतीशी होतो. पायपेटीवाल्याने तुला सूर दिला आणि तू जे बोललास, ते घरात कोणी शिकवलेलं नव्हतं. आजोबा बोलतायत असं वाटलं. तुला हे आजवर सांगितलं नाही. घरी येऊन फक्त "बरा झाला" म्हणालो.

सातेरी देवीच्या जत्रेला आम्ही दोघं येतोय. मंडळीच्या पेटाऱ्याला नारळ आईने आत्ताच काढून ठेवलाय. मी मागेच उभा राहीन, माडाखाली. आवाज तिथपर्यंत आला नाही तरी चालेल, ताणू नकोस.

ज्येष्ठमधाची पुडी पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात आहे. तू आंघोळीला गेलास तेव्हा ठेवली.

बाबा