भायखळा-परळचा तो मतदारसंघ

निवडणुका आल्या की मतदारसंघांच्या जुन्या आकडेवारीची चर्चा रंगते, पण ती क्वचितच १९५२ च्या मागे जाते. १९३७ साली मुंबई प्रांताच्या १७५ जागांच्या विधानसभेत ‘मुंबई शहर (भायखळा व परळ)’ असा मतदारसंघ होता. स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथल्याच राखीव जागेवर निवडून आले. समोर काँग्रेसतर्फे होते १९११ चा इंग्लंड दौरा गाजवलेले डावखुरे फिरकी गोलंदाज पाळवणकर बाळू! बाबासाहेबांना १३,२४५ मते, बाळूंना ११,२२५. फरक अवघा २,०२० चा.

एका मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी निवडायचे आणि मतदाराला हवी तर आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देता यायची, अशी तेव्हा इथली पद्धत होती. अर्थात मतदार होणेच कठीण. मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींमुळे चाळीतल्या कितीतरी गिरणी कामगारांचे नाव यादीत नव्हतेच. आणि तरीही इथून सभागृहात गेलेल्या या आमदाराने त्याच वर्षी सप्टेंबरात खोती, म्हणजे कोकणात खोतांनी कुळांकडून सारा वसूल करण्याची जमीनपद्धत, रद्द करण्याचे विधेयक मांडले. परळच्या खोल्यांत राहणाऱ्या कोकणी माणसाला खोत म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नव्हते.

आज हा भाग भायखळा, शिवडी अशा मतदारसंघांत विभागला आहे. महापालिकेने परळ नाक्यावर या निवडणुकीची माहिती देणारा एखादा फलक लावावा. त्यावर बाळूंचेही नाव असावे.

– एक वाचक, परळ