येरळवाडीच्या तलावावर ड्रोन नको

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारी दुपारी लेकीला गाडीवर घेऊन विट्याहून येरळवाडीच्या तलावावर गेलो होतो, जानेवारीत पाणी मागं सरकून काठाचा चिखल उघडा पडतो तेव्हा पक्षी बघायला यासारखी जागा आपल्या भागात नाही. लांब उथळ पाण्यात वीस-पंचवीस फ्लेमिंगो चोच उलटी धरून पाणी गाळत होते, अलीकडं चक्रवाकाच्या जोड्या, शेकाटे, आणि काठावर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब. हे हिमालय ओलांडून तिबेट, मंगोलियाकडून येतात असं लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, पप्पा मग हळू बोला, झोपलेत ते.

तेवढ्यात एक मेंढपाळ मामा कळप घेऊन पाण्यावर आले. मला वाटलं आता सगळे उडणार, पण पट्टकादंब दोन पावलं बाजूला झाले आणि परत बसले. मामा म्हणाले, "रोजचंच हाय, मेंढराला न्हाईत भीत ती."

मग अर्ध्या तासानं दोन गाड्या आल्या आणि पोरांनी ड्रोन थेट फ्लेमिंगोंच्या डोक्यावर नेला, का तर उडतानाचा व्हिडिओ पाहिजे. वरून काही आलं की पक्ष्याला ससाणा आल्यासारखंच वाटतं, सगळा तलाव एकदम उठला, वारकरी पक्षी पाण्यावर पळत सुटले. मी जाऊन विनंती केली तर म्हणे काका पाचच मिनिटं! आम्ही सव्वासहापर्यंत थांबलो, फ्लेमिंगो परत उतरले नाहीत.

लोक म्हणतात उडाले तर काय बिघडलं, पंख आहेत की. अहो पण उन्हाळ्याच्या तोंडाला त्यातल्या कितींना परत तेवढाच प्रवास करायचाय, त्यासाठी अंगात चरबी साठवायला इथलं खाणं आणि इथला आराम लागतो, दर वेळी उठवलं की साठवलेलं खर्च होतं आणि चरायचा वेळ जातो तो वेगळाच.

२०२१ साली मायणी पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, त्यात मायणीबरोबर येरळवाडीचा तलावही आहे. म्हणून मागणी एवढीच आहे की नोव्हेंबर ते मार्च दर शनिवार-रविवारी गावातलीच दोन पोरं मानधनावर काठाला बसवावीत, त्यांना चांगली दुर्बीण द्यावी म्हणजे आलेल्या लोकांना लांबूनच पक्षी दाखवता येतील, आणि ड्रोनबंदीचा मोठा बोर्ड गाडी तलावाकडं वळते तिथंच लावावा. मेंढरं मात्र अडवू नयेत.

एक वाचक,
विटा, जि. सांगली