'रक्त पातळ करणारी गोळी' हे नाव बदला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पोळ्याच्या आधी आमच्या आजीच्या उजव्या अंगावरून दुसऱ्यांदा वारं गेलं. दवाखान्यात तिचं लुगडं बदलताना कमरेच्या चंचीत सुपारी-कातासोबत एक पुडी निघाली. आत अकरा गोळ्या. पहिल्या झटक्यानंतर डॉक्टरांनी कायम घ्यायला सांगितलेल्या. आम्ही रोज रात्री हातावर ठेवायचो, ती पाणी पिऊन दाखवायची आणि गोळी चंचीत!

विचारलं तर बोबड्या बोलात म्हणाली, "आधीच रगत कमी हाय म्हणले, अन् तुम्ही ते पातळ करायलाव."

तिचं हिमोग्लोबिन कमी निघालं होतं, हे खरंच. ऐकलेल्या शब्दांवरून तिनं काढलेला अर्थ सरळ होता. घोळ नावात आहे. या गोळीनं रक्तात पाणी वाढत नाही की हिमोग्लोबिन उतरत नाही, फक्त रक्ताची गाठ धरण्याची क्रिया मंदावते. आजीच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत. अशा हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त रेंगाळतं, तिथं गाठ धरते आणि ती मेंदूत जाऊन अडकते. अशा रुग्णाला ॲस्पिरिन पुरत नाही, म्हणून तिला असिनोकुमारॉल ही गोळी आहे. त्यासाठी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, तपासावा लागतो. तिचा २ ते ३ च्या मध्ये हवा. आमच्या तालुक्यात ती सोय नाही, नमुना नांदेडला जातो (तो वेगळ्या पत्राचा विषय).

गोळी निर्धोक आहे असंही नाही. गुडघ्यासाठी मेडिकलवरून मनानं आणलेली दुखण्याची गोळी सोबत घेतली, तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला काळी झाली तर डॉक्टरांना दाखवावं. लोहाच्या गोळीनंही काळी होते, पण ते ठरवणं घरच्यांचं काम नव्हे. आणि मेथी खाणं सोडायची गरज नाही. एका आठवड्यात रोज मेथी, दुसऱ्यात अजिबात नाही, असं मात्र नको, आयएनआर हलतो.

आपल्या आरोग्य पुरवणीतही 'रक्त पातळ करणारी औषधे' असंच छापून येतं. तिथं 'गाठ रोखणारी' छापता येईल का? आशाताईंनी आणि मेडिकलवाल्यांनीही तेच म्हणावं. आमच्या घरी हे नाव दिवाळीपासून चालू आहे. रात्री जेवण झालं की आजीच विचारते, "गाठीची गोळी दिली का रं?" चंची मात्र आई अजून रोज झटकून बघते.

आपला,
एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)