बापू, ट्रेलरखाली वाकून बघायला शिकवलंत म्हणून

आदरणीय बापू,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "डिझेलचा काय भाव चाललाय तिकडे?" असं विचारून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. यात तरी मला मध्येच तोडता येणार नाही.

सासऱ्यांच्या मागे ट्रेलर माझ्याकडे आले, तेव्हा इंदूरच्या देवास नाक्यावरच्या ऑफिसात बसून बिल्टी (मालाची पावती), भाडं आणि टायरचा हिशेब एवढंच मला जमायचं. घोडा, म्हणजे ओढणारी पुढची इंजिनाची गाडी, ट्रेलरला जोडणं हे ड्रायव्हर-क्लीनरचं काम, बाईमाणसानं त्यात डोकं घालू नये, असं नाक्यावर बहुतेकांचं मत. तुम्ही मात्र म्हणालात, "सूनबाई, गाडी तुमच्या नावावर आहे, तर पिन कुठं बसते ते ठाऊक पाहिजे," आणि मला पीथमपूरच्या यार्डात नेऊन उभं केलंत.

घोड्यासकट ५५ टनांपर्यंत भरलेली गाडी, आणि ट्रेलर ओढला जातो तो त्याच्या बुडाला असलेल्या जेमतेम २ इंच जाडीच्या किंग पिननं! ट्रेलरच्या पुढच्या भागाचं वजन घोड्यावरच्या फिफ्थ व्हील नावाच्या ग्रीस माखलेल्या लोखंडी तबकडीवर, ओढ सगळी त्या पिनेवर. मानपूरहून खाली धामनोदकडे उतरणारा घाट डोळ्यांसमोर आला आणि पोटात गोळाच आला.

घोडा मागे घेताना ट्रेलर फिफ्थ व्हीलपेक्षा किंचित खाली हवा, म्हणजे घोडा त्याला उचलत उचलत आत शिरतो. ट्रेलर उंच राहिला तर पिन फिफ्थ व्हीलमधल्या, तिला पकडणाऱ्या जबड्याच्या वरच चढून बसते. गंमत म्हणजे 'खट्' आवाज तरीही येऊ शकतो, आणि त्या आवाजावर विसंबून निघणारे किती आहेत ते आता मला दिसतं. ट्रेलरचे ब्रेक लावून घोडा हलकेच पुढे ओढून पाहायचा, पण तेवढ्यानंही तुमचं समाधान होत नसे. इंजिन बंद, हँडब्रेक वर, टॉर्च हातात, आणि खाली वाकायचं. फिफ्थ व्हील आणि ट्रेलरचं बूड यांत फट नको. जबडा पिनेभोवती मागून मिटलेला दिसला पाहिजे. जबड्याचं हँडल पूर्ण आत गेलेलं हवं. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ट्रेलरचे पाय, ज्यांवर तो घोड्याविना उभा राहतो ते, उचलायचे नाहीत, मग पार्टी फोनवर कितीही ओरडो.

हवेच्या पाइपांचंही तसंच. लाल पाइप ट्रेलरची हवेची टाकी भरणारा, पिवळा ब्रेक मारणारा. उलटे लागले तर ट्रेलरच्या टाकीत हवाच जात नाही. स्प्रिंग ब्रेक (हवा नसली की आपोआप लागणारे) असलेला ट्रेलर निदान जागचा हलत नाही. जुना, स्प्रिंग ब्रेक नसलेला असेल तर मुकाट मागे येतो, आणि ब्रेक नाहीत हे उतारावर कळतं.

पण माझे सगळ्यात जास्त पैसे वाचवले ते तुमच्या ट्रेलर सोडण्याच्या शिस्तीनं. माळव्याची काळी माती पावसाळ्यात कशी होते ते आम्हा इंदूरकरांना सांगायला नको. भरलेल्या ट्रेलरचे पाय त्यात सरळ रुततात. तुम्ही जाड फळ्या अंथरल्याशिवाय पाय टेकवू दिले नाहीत. चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, पाय नीट टेकले की पाइप आणि लाइटची वायर काढायची, मग हँडल ओढायचं. आणि घोडा एकदम पळवायचा नाही! फिफ्थ व्हील सुटलं की थांबायचं, घोड्याची चासी अजून ट्रेलरखालीच ठेवायची. पाय दगा देणार असतील तर ट्रेलर चासीवर टेकेल, जमिनीवर नाक घासणार नाही. ट्रेलर स्थिर आहे असं दिसलं की मगच पूर्ण बाहेर. ठोकळ्यांऐवजी रस्त्यावरचा दगड लावून निघताना तो तिथेच टाकून जाणाऱ्यांना तुम्ही ज्या शिव्या घालायचात, त्या जाहीर पत्रात लिहिता येत नाहीत.

या सगळ्याचा एक पैसाही तुम्ही घेतला नाहीत. सासऱ्यांची जुनी दोस्ती, एवढंच कारण सांगितलंत. ते मी मान्य केलेलं नाही, पण वाद घालायला तुम्ही आता शिरपूरला जाऊन बसलात.

दिवाळीनंतर नवा ट्रेलर येतोय. नारळ मी फोडीन, पहिली जोडणी तुमच्या हातून हवी. सेंधव्यामार्गे सकाळची बस धरा, काकूंनाही आणा. पोरांना मी अजून काही सांगितलेलं नाही, नाहीतर आत्तापासूनच ग्रीस घासत बसतील.

आपली,
देवास नाक्यावरची सूनबाई